फाउलच्या रकान्यातलं नाव

बास्केटबॉलच्या मैदानाच्या कडेला, दोन्ही संघांच्या बाकांच्या मधोमध एक टेबल मांडलेलं असतं. तिथे बसलेल्या गुणलेखकापुढच्या कागदावर डाव्या बाजूला दोन्ही संघांची नावं, खेळाडूंची यादी, जर्सीचे क्रमांक आणि प्रत्येक नावापुढे फाउलसाठी पाच चौकटी असतात. उजव्या बाजूला एकापासून चढत जाणारे आकडे छापलेले असतात. दोन गुणांची बास्केट झाली की त्या आकड्यावर तिरकी रेघ मारायची आणि शेजारी खेळाडूचा क्रमांक लिहायचा. तीन गुणांची झाली तर त्या क्रमांकाभोवती गोल काढायचा. फ्री थ्रो लागला तर भरीव ठिपका द्यायचा. पहिल्या आणि तिसऱ्या सत्राला लाल शाई, दुसऱ्या आणि चौथ्याला निळी किंवा काळी, ही टेबलावरची जुनी शिस्त. आंतरराष्ट्रीय महासंघाची ही पद्धत इतकी नेटकी आहे, की सामना न पाहिलेला माणूसही तो कागद हातात धरून प्रत्येक संघाचे गुण कोणत्या क्रमानं झाले, कोणत्या सत्राअखेर कोण पुढे होतं आणि कोण पाच फाउल होऊन बाहेर बसलं हे बिनचूक सांगू शकतो. मोठ्या स्पर्धांत याच्या जोडीला आकडेवारी नोंदवणारे वेगळे लोक आणि संगणक असतात. आपल्याकडच्या महाविद्यालयीन सामन्यात बहुतेक वेळा हा एकच कागद असतो, आणि सामना संपल्यावर त्या चाळीस मिनिटांचं जे काही उरतं ते एवढंच.

हा कागद कशाकशाबद्दल गप्प आहे, हे पाहायला हवं. रिबाउंड कुणी घेतला हे त्यावर नसतं. बास्केटच्या आधीचा पास कुणी दिला हे नसतं. चेंडू कुणी हिसकावला, कुणी अडवला, कुणाच्या हातून फुकट गेला, यातलं काहीच नसतं. त्यावर गुण, फाउल आणि टाइम आउट एवढीच नोंद राहते. आता एक अशी मुलगी डोळ्यांपुढे आणा, की जी संघाचा बचाव एकटीनं उचलून धरते. समोरच्या संघातल्या सर्वांत धोकादायक खेळाडूला ती चाळीस मिनिटं मोकळा श्वास घेऊ देत नाही, बास्केटखाली अंग घालून जागा धरते, सहकारी मुलीला मोकळं करण्यासाठी स्क्रीन लावून उभी राहते आणि धक्के खाते. तिच्या नावावर एकही गुण नाही. ती मैदानात उतरली होती एवढी खूण तिच्या नावापुढे आहे, आणि त्याच्या पुढच्या चौकटींत तीन किंवा चार फाउल आहेत. तिच्या चाळीस मिनिटांच्या मेहनतीचा कागदावरचा पुरावा म्हणजे फक्त तिचे गुन्हे. आपली नोंद गुण करणाऱ्याचं श्रेय लिहिते आणि बचाव करणाऱ्याची चूक लिहिते. हा अन्याय लहान वाटला तरी त्याचे परिणाम लांबवर जातात, आणि त्यावरचा उपाय आकड्यांचा तिटकारा करण्यात नाही, आकडे अधिक पूर्ण करण्यात आहे, असं मला वाटतं.

या विचाराला घोटीसारख्या गावाची पार्श्वभूमी हवी, कारण नोंदीचं मोल तिथे खरं कळतं. घोटी मुंबई-आग्रा महामार्गावर आणि मुंबई-नाशिक लोहमार्गावर आहे. इगतपुरी तालुक्याची मोठी बाजारपेठ, भाताचं आणि भातगिरण्यांचं गाव. पावसाळ्यात इथे आभाळ फाटल्यासारखा पाऊस पडतो. ज्या काळात शहरातले संघ छताखालच्या लाकडी मैदानावर घाम गाळतात, त्या काळात इथलं उघडं मैदान शेवाळतं, नाही तर चिखलात जातं. पाऊस ओसरतो तोवर भाताची कापणी येते, आणि आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांचा हंगामही साधारण त्याच महिन्यांतला. अशा गावातून जो संघ नाशिकला विभागीय सामना खेळायला जातो, त्याच्या खेळाडूंना ओळखणारं तिथे कुणी नसतं. मुंबईत नागपाड्यासारखी वस्ती आहे, जिथे बास्केटबॉल पिढ्यान्‌पिढ्या खेळला गेला आणि जिथून भारताचा कर्णधार आणि अर्जुन पुरस्काराचा मानकरी अब्बास मुंतसीर घडला. अशा ठिकाणी मैदानाभोवती जाणत्यांची गर्दी असते. एखाद्या पोराचा पास चांगला असेल तर गुण न करताही त्याचं नाव तोंडोतोंडी होतं. तिथे लोकांची आठवण हीच नोंद असते. घोटीच्या मुलीच्या वाट्याला असे जाणते डोळे नाहीत. तिला विद्यापीठाच्या संघात घ्यायचं की नाही हे ठरवणाऱ्यांनी तिला एकदा, फार तर दोनदा पाहिलेलं असतं. तिच्या बाजूनं साक्ष द्यायला तो एक कागद असतो, आणि त्या कागदावर तिच्याबद्दल फक्त चार फाउल आहेत.

खेळाचा इतिहासही हेच सांगतो, आणि तोही अमेरिकेतल्या सर्वांत श्रीमंत बास्केटबॉल लीगचा. २ मार्च १९६२ रोजी पेनसिल्व्हेनियातल्या हर्शी या गावी विल्ट चेंबरलेननं एका सामन्यात १०० गुण केले. त्या सामन्याचं चित्रीकरण नाही. पण नोंद आहे: ६३ प्रयत्नांत ३६ बास्केट, ३२ फ्री थ्रोंपैकी २८ यशस्वी, शिवाय २५ रिबाउंड. त्या शंभरावर आज कुणी शंका घेत नाही, कारण टेबलावरच्या लोकांनी आपलं काम चोख केलं होतं. आता दुसरी बाजू पाहा. त्या रात्री चेंबरलेननं समोरच्यांचे किती चेंडू हवेत अडवले, हे अधिकृतपणे सांगता येत नाही. तो रकानाच तेव्हा नव्हता. ब्लॉक (अडवलेला चेंडू) आणि स्टील (हिसकावलेला चेंडू) यांची अधिकृत नोंद या लीगनं १९७३-७४ च्या हंगामापासून सुरू केली. बिल रसेल १९६९ मध्येच निवृत्त झाला होता. बॉस्टन सेल्टिक्सनं त्याच्या १३ हंगामांत ११ विजेतीपदं मिळवली, आणि त्या यशाचा कणा रसेलचा बचाव होता हे त्याचे विरोधकही मान्य करतात. गुणांची त्याची सरासरी सामन्याला १५ च्या आसपास. केवळ गुणांचा रकाना वाचणाऱ्याला तो त्या काळातल्या अनेकांच्या मागे दिसेल. ज्या कौशल्यानं त्यानं खेळाची रीतच बदलली, त्याचा अधिकृत आकडा शून्यसुद्धा नाही. तिथे कोरी जागा आहे. रसेलला ती कोरी जागा फारशी बोचली नाही, कारण त्याच्या विजेतीपदांनी ती भरून काढली. ज्या खेळाडूचा संघ पहिल्याच फेरीत हरून परतीच्या गाडीत बसतो, त्याची कोरी जागा कोरीच राहते.

संघाच्या आकड्यांकडे वळलं की हा मुद्दा आणखी उघड होतो. बास्केटबॉलमध्ये चेंडूचा ताबा आळीपाळीनं येतो. आपण बास्केट केली की चेंडू त्यांच्याकडे, त्यांनी घालवला की आपल्याकडे. त्यामुळे दोन्ही संघांना मिळणाऱ्या संधी जवळजवळ सारख्याच असतात, आणि खरा प्रश्न उरतो तो मिळालेल्या संधीतून कुणी किती काढलं एवढाच. डीन ऑलिव्हर या अभ्यासकानं २००४ मधल्या आपल्या पुस्तकात विजयाचे चार घटक मांडले: नेम किती लागतो, चेंडू किती वेळा फुकट जातो, रिबाउंड कुणाला मिळतात आणि फ्री थ्रोच्या रेषेपर्यंत कोण किती वेळा पोचतं. यातल्या पहिल्या आणि चौथ्या घटकाचं अर्धंमुर्धं चित्र आपल्या कागदावर मिळतं. मधले दोन तर पूर्ण गायब. समजा, एका मुलीच्या नावावर २० गुण आहेत आणि दुसरीच्या नावावर ८. कागद वाचणारा पहिलीला सामन्याची नायिका म्हणेल. आता न लिहिलेलं लिहून पाहू. पहिलीनं २० गुणांसाठी २६ वेळा चेंडू टाकला. १० लागले, १६ चुकले. दुसरीनं पाचच वेळा टाकला आणि ४ लागले. शिवाय पहिलीच्या १६ चुकलेल्या चेंडूंपैकी ६ या दुसरीनं उड्या मारून परत मिळवले, म्हणजे संघाला त्याच संधीत सहा वेळा नवा प्रयत्न मिळवून दिला. आता नायिका कोण? कदाचित तरीही पहिलीच असेल. समोरचा सगळा बचाव तिच्यावर तुटून पडत होता म्हणूनच दुसरी मोकळी राहिली असेल. पण निदान हा प्रश्न विचारता येतो. लिहिलंच नसेल तर प्रश्नच उभा राहत नाही. त्याहून खोल गोष्ट अशी, की आपल्या संघाचे ५८ गुण पाच-सात नावांत वाटले की हिशेब पुरा होतो. समोरच्या संघाला जे गुण होऊ दिले नाहीत, ते मात्र कुणाच्याच नावावर जमा होत नाहीत. सामना सहा गुणांनी जिंकला, तर त्या सहा गुणांतले न झालेले किती आणि केलेले किती, हे कोण सांगणार?

बचाव मोजताच येत नाही, असं कुणी म्हणेल. त्याला उत्तर द्यायला अमेरिकेत जायची गरज नाही. ते आपल्या मातीत तयार आहे. खो-खोच्या सामन्याची बातमी मराठी वर्तमानपत्रात कशी येते ते आठवा. खेळाडूच्या नावापुढे कंसात मजकूर असतो: २.१० मि. संरक्षण आणि ३ गडी. केवढ्याशा जागेत त्या खेळाडूच्या दोन्ही अंगांचा हिशेब मांडलेला असतो. तीन-तीनच्या तुकडीनं संरक्षक आत येतात, आणि त्यांतला प्रत्येक जण किती मिनिटं आणि किती सेकंद हाती लागला नाही, हे स्वतंत्रपणे लिहिलं जातं. नऊ मिनिटांच्या पारंपरिक डावात कुणी अडीच-तीन मिनिटं नाबाद टिकलं, तर ती कामगिरी गडी मारण्याइतकीच मानानं छापली जाते. संरक्षणात टिकून राहणाऱ्यानं समोरच्या संघाचा वेळ खाल्ला, आणि खाल्लेला वेळ म्हणजे न झालेले गुण, हे तत्त्व या खेळानं फार पूर्वी ओळखलं. पुण्यात डेक्कन जिमखान्यानं १९१४ च्या सुमारास खो-खोला नियमांची चौकट दिली. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत पहिला विश्वचषक झाला आणि अंतिम सामन्यांत भारताच्या दोन्ही संघांनी नेपाळला हरवलं, महिलांनी ७८-४०, पुरुषांनी ५४-३६. प्रियंका इंगळे आणि प्रतीक वाईकर हे दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचे. या सगळ्या वाटचालीत, पळणाऱ्याच्या हातातही मोजण्याजोगं काही असतं, हा विचार टिकून राहिला. बास्केटबॉलच्या टेबलावर बसणाऱ्यांनी तो खो-खोच्या टेबलाकडून घ्यावा.

अर्थात खो-खोचा हिशेबही पुरा नाही. गडी बाद झाला की नाव लागतं ते ज्यानं हात लावला त्याचं. पण त्याआधी अचूक वेळी खो देऊन संरक्षकाला खांबाकडे ढकलणारा, त्याची वाट एका बाजूनं बंद करणारा, हा त्या बादीचा अर्धा धनी असतो, आणि तो कंसात कुठेच येत नाही. कबड्डीत हेच आणखी ठळक दिसतं. चढाई करणाऱ्याचे गुण त्याचे एकट्याचे. त्यात वाद नाही. पकडीचं तसं नाही. कोपरारक्षकानं घोटा धरला, शेजारच्यानं मांडीला मिठी मारली, मधल्या साखळीनं मध्यरेषेकडची वाट अडवली आणि पाच जणांच्या वजनाखाली चढाईबहाद्दर दबला. आकडेवारीत पकडीचा गुण सहसा एकाच्याच नावावर चढतो. साखळीतला तो दुसरा हात सुटला असता, तर गुण समोरच्याला गेला असता. म्हणून प्रत्येक खेळात नोंदीची एक ओढ दिसते: शेवटचा स्पर्श ज्याचा, त्याचं नाव. ही ओढ साहजिक आहे, कारण शेवटचा स्पर्श सगळ्यांना दिसतो आणि लिहायलाही सोपा. पण सोपं ते पुरेसं, असं मानलं की सांघिक खेळाचं सांघिकपणच नोंदीतून गळतं. बास्केटबॉलनं असिस्टचा रकाना काढून यावर उपाय केला. बास्केट जिनं केली तिच्याबरोबर जिच्या पासमुळे ती झाली तिचंही नाव लिहायचं. एक रकाना वाढला आणि देणाऱ्या हाताला नाव मिळालं.

यावर पहिला आक्षेप येतो तो प्रशिक्षकांकडून, आणि तो खरा आहे. मोजायला लागलं की खेळाडू आकड्यांसाठी खेळू लागतात. रिबाउंड मोजले तर आपल्याच संघातल्या मुलीच्या हातातून चेंडू ओढणारेही निघतील, असिस्ट मोजले तर सरळ बास्केट करायच्या जागी उगाच पास देणारे निघतील. हे होतं, नाकारण्यात अर्थ नाही. मात्र या आक्षेपात एक गृहीत दडलेलं आहे, की आज आपण मोजत नाही. आज आपण मोजतोच, फक्त गुण मोजतो. सगळ्या शक्य रकान्यांपैकी जो रकाना माणसाला सर्वांत जास्त स्वार्थी करतो, तेवढाच आपण ठेवला आहे. ज्या मुलीला ठाऊक आहे की निवडीच्या वेळी गुणच पाहिले जाणार, ती मोकळ्या सहकारी मुलीला चेंडू का देईल? रकाने वाढवले तर लोभही वाटला जातो, आणि एका रकान्यातली हाव दुसऱ्या रकान्यात उघडी पडते; २६ वेळा चेंडू टाकल्याची नोंद असेल तर २० गुणांची झळाळी आपोआप तिच्या खऱ्या मापाला येते. मायकेल लुईसनं २००९ मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या मासिकात शेन बॅटियर या खेळाडूवर एक गाजलेला लेख लिहिला होता. ड्यूक विद्यापीठातून आलेल्या बॅटियरचे नेहमीच्या रकान्यांतले आकडे साधारण होते, पण तो मैदानात असताना त्याच्या संघाचं पारडं जड होई आणि समोरच्यांचे मातब्बर खेळाडू फिके पडत. हे कुणाला नुसत्या नजरेनं उमगलं नव्हतं. तो मैदानात असताना आणि नसताना संघाचा हिशेब कसा बदलतो, ते मोजल्यावर उमगलं. निःस्वार्थी खेळाडूला शोधून काढणाराही आकडाच होता.

दुसरा आक्षेप अधिक अवघड आहे. महाविद्यालयीन स्पर्धा बहुतेक बाद पद्धतीच्या असतात. हरला तो घरी. घोटीचा संघ नाशिकला जाऊन एक सामना खेळून परत आला, तर त्या एका सामन्याच्या आकड्यांवरून कुणाचं कौशल्य काय कळणार? चार फ्री थ्रोंपैकी तीन लागले म्हणून ७५ टक्के लिहिणं म्हणजे स्वतःची फसवणूक. पाचवा चुकला की ते ६० वर येतात. हे मला पूर्ण मान्य आहे, आणि म्हणूनच मी म्हणेन की अशा कागदावर टक्केवारी नको, मोजणी द्या. चारपैकी तीन हे घडलेल्या गोष्टीचं वर्णन आहे. ७५ टक्के हा भविष्याबद्दलचा दावा आहे. एका सामन्याची नोंद खेळाडूची लायकी ठरवू शकत नाही, पण त्या दिवशी काय घडलं याची साक्ष देऊ शकते. साक्षी साठत जातात. पदवीची तीन वर्षं असतात, विभागीय सामन्यांखेरीज गावोगावच्या खुल्या स्पर्धा असतात, सरावाचे सामने असतात. या सगळ्यांचे कागद एका वहीत राहिले, तर तिसऱ्या वर्षी त्या मुलीच्या हातात काहीतरी बोलणारं असेल. आज तिच्या हातात प्रमाणपत्र असतं. राज्य शासनाच्या नोकऱ्यांत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, आणि त्यासाठी स्पर्धेची पातळी आणि मिळालेला क्रमांक पाहिला जातो. तो क्रमांक संघाचा असतो. बाराच्या बारा जणींच्या प्रमाणपत्रावर शब्द तेच. चाळीस मिनिटं झगडलेली आणि बाकावरून एकदाही न उठलेली, दोघींचा कागद सारखा, आणि जिचा संघ लवकर हरला तिची झुंज कितीही मोठी असली तरी तिच्या कागदाला किंमत नाही. तो नियम बदला असं मी इथे म्हणत नाही. नोकरीसाठी कुठेतरी ठाम रेषा आखावी लागते. पण खेळाडूची ओळख त्या एका रेषेवर सोडून देणं आपल्याला बंधनकारक नाही.

घोटीच्या बाजारातली एक गोष्ट इथे नेमकी लागू पडते. भाताचं पोतं काट्यावर चढलं की वजन कळतं. पण त्या वजनात पाणी किती, पोचट दाणे किती, भरडल्यावर अख्खा तांदूळ किती निघेल आणि कणी किती, हे काटा सांगत नाही. म्हणून घेणारा मूठभर भात तळहातावर चोळतो, फुंकर मारून तूस उडवतो, दाणा दाताखाली फोडून पाहतो. काटा अपुरा आहे म्हणून काटाच काढून टाका, अंदाजानं भाव करू, असं शेतकरी कधी म्हणत नाही. अंदाजाचा व्यवहार कुणाच्या फायद्याचा असतो हे त्याला पिढ्यांच्या अनुभवानं कळलेलं असतं. तो म्हणतो, वजनाबरोबर ओलावाही माझ्यासमोर मोजा. आकड्यांवर रुसलेल्या क्रीडाप्रेमींना माझं हेच सांगणं आहे. जिथे मोजमाप नसतं तिथे निवाडा थांबत नाही. तो ज्याच्या हातात सत्ता आहे त्याच्या मर्जीनं होतो. उंची पाहून होतो, महाविद्यालयाचं नाव पाहून होतो, ओळखीनं होतो. जाणत्या प्रशिक्षकाच्या नजरेचा मला आदर आहे. काही गोष्टी त्या नजरेलाच दिसतात आणि कुठल्याच रकान्यात मावणार नाहीत. पण नजर थकते, विसरते, आणि शेवटच्या दोन मिनिटांतलं तिला आधीच्या अडतीस मिनिटांपेक्षा मोठं दिसतं. कागदाला आवडनिवड नसते. नजर आणि कागद एकमेकांना तपासत राहिले, तर दोघंही अधिक खरं बोलतील.

हे करणार कोण, हा प्रश्न व्यवहाराचा आहे आणि त्याचं उत्तरही व्यवहारातच आहे. संघात बारा जणी असतात, पाच खेळतात, सात बाकावर असतात. त्यांतल्या दोघींनी एक वही आणि एक पेन घ्यावं. एकीनं मैदानावरची नजर न हलवता बोलायचं: सात नंबर रिबाउंड, चार नंबरचा चेंडू गेला, नऊ नंबरचा पास. दुसरीनं फक्त रेघा ओढायच्या. पाच रकाने पुरेत: टाकलेले चेंडू, रिबाउंड, पास, हिसकावलेले किंवा अडवलेले, आणि घालवलेले. पहिल्या दोन-तीन सामन्यांत चुका होतील, वाद होतील. पण ज्या मुली हे काम करतील त्यांना खेळ आधीपेक्षा खोल दिसू लागेल. चेंडू जिथे आहे तिथेच पाहण्याची प्रेक्षकाची सवय मोडून, चेंडू नसताना काय चाललंय ते पाहायला त्या शिकतील. बाकावर बसणं हे तेव्हा वाट पाहणं उरत नाही. प्रशिक्षकांना तर यातून सर्वांत मोठा लाभ आहे. पावसाळ्यात मैदान महिनाभर बंद राहिलं, तर संघाचं नेमकं काय बिघडतं? नेम की हात, दम की समज? मागच्या वर्षीची वही असेल तर हे ताडून पाहता येतं, आणि छताखालच्या मैदानाची मागणी करायला तो पुरावाही होतो. तक्रारीला कुणी धूप घालत नाही. तीन वर्षांच्या नोंदी टाळणं जरा अवघड जातं.

शेवटचा आक्षेप मला सर्वांत अस्वस्थ करतो: नोंद असूनही न्याय मिळत नाही, तर तिचा उपयोग काय? याचं सर्वांत मोठं उदाहरण आपल्याच महाराष्ट्राचं आहे. डिसेंबर १९४८ मध्ये पुण्यात रणजी सामन्यात भाऊसाहेब निंबाळकरांनी काठियावाडविरुद्ध नाबाद ४४३ धावा केल्या. डॉन ब्रॅडमनचा ४५२ धावांचा तेव्हाचा जागतिक विक्रम अवघ्या ९ धावांवर होता. समोरच्या संघानं पुढे खेळायला नकार दिला आणि डाव तिथेच थांबला. प्रथम दर्जाच्या क्रिकेटमधली भारतीय फलंदाजाची ती आजही सर्वोच्च खेळी आहे. एवढा मोठा आकडा गुणपत्रकावर असूनही निंबाळकरांना एकही कसोटी सामना खेळायला मिळाला नाही. २०१२ मध्ये ते गेले. तेव्हा आकड्यानं त्यांना काय दिलं? त्यांच्या हयातीत कसोटीची टोपी दिली नाही, हे खरं. पण त्यांच्यावर अन्याय झाला हे आज आपण ठामपणे म्हणू शकतो, ते त्या ४४३ मुळेच. आकडा न्याय करत नाही; अन्याय झाला तर तो लपू देत नाही. निवड करणाऱ्यांना जाब विचारण्याची सोय तो मागे ठेवतो, आणि पंचाहत्तर वर्षांनंतरही ती सोय शिळी होत नाही. ज्याच्या कामगिरीची नोंदच झाली नाही, त्याच्यावरचा अन्याय मात्र घडलाच नव्हता असं सहज म्हणता येतं. नाव नसलेल्यावर अन्याय झाला हे सिद्ध तरी कसं करायचं?

म्हणून माझी मागणी साधी आहे, आणि ती कुठल्याही विद्यापीठाला, कुठल्याही जिल्ह्याच्या विभागीय समितीला परवडणारी आहे. आंतरमहाविद्यालयीन सामन्याच्या अधिकृत कागदाला आणखी एक पान जोडा. त्यावर रिबाउंड, पास, अडवलेले, हिसकावलेले आणि घालवलेले चेंडू लिहा, दोन्ही संघांच्या प्रतिनिधींच्या सह्या घ्या, आणि त्याची प्रत हरलेल्या संघालाही द्या. खरं तर हरलेल्या संघाला आधी द्या, कारण जिंकणाऱ्याला पुढचा सामना असतो आणि हरणाऱ्याजवळ तेवढंच उरतं. खेळ हा आकड्यांपेक्षा मोठा आहे, हे म्हणणारे बरोबरच आहेत. पण खेळाचं मोठेपण ज्यांच्या बळावर उभं असतं, त्या न दिसणाऱ्या खेळाडूंना आपण आजवर कागदावर फक्त चुकांपुरतं बोलावलं. घोटीच्या त्या बचाव करणाऱ्या मुलीचे चार फाउल लिहायला आपल्याकडे शाई आहे, तर तिनं मिळवलेले अकरा रिबाउंड लिहायलाही ती असली पाहिजे. एवढं झालं तर निवड करणारा तिला नाकारू शकेल, पण ती नव्हतीच असं त्याला म्हणता येणार नाही.